तुम्ही विचारलंत म्हणून: रडार इतकं उंच कशाला न्यायचं?

रडार-प्रतिमांवर काम करते म्हटलं की हमखास विचारलं जातं, "जमीन नीट बघायची तर उपग्रह जवळ हवा ना? ३६ हजार किलोमीटरवर कशाला?"

शंका रास्त आहे. अंतर दुप्पट झालं की परतणारा सिग्नल सोळा पटींनी क्षीण होतो. पण ७४७ किलोमीटरवरचा निसार हा भारत-अमेरिकेचा रडार-उपग्रह त्याच वाटेनं परत येतो तो १२ दिवसांनी. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला, तो धो धो पावसात. अशा डोंगराला १२ दिवसांचा हिशेब कसा चालेल? ढगांतून बघणारं आणि रोज त्याच भागावर तासन् तास थांबणारं रडार हवं. ३६ हजार किलोमीटरवर उपग्रह पृथ्वीच्या फिरण्याच्या तालातच फिरतो, म्हणून ही उंची. अभियंते कियो तोमियासू यांनी ही कल्पना १९७८ मध्ये मांडली. असा पहिला उपग्रह, चीनचा लुदी तान्स-४, १३ ऑगस्ट २०२३ ला शिचांगहून उडाला. तो अगदी स्थिर नसतो. कक्षा कललेली असल्यामुळे जमिनीवरून बघता तो आकाशात इंग्रजी आठ काढतो, आणि त्या सरकण्यातूनच प्रतिमा घडते.

आता त्रिमितीचं, म्हणजे प्रतिमेतून उंचीही काढण्याचं. रडारला फक्त अंतर कळतं. माझ्या पडद्यावर उंच इमारत उपग्रहाकडे आडवी पडलेली दिसते. गच्ची आणि पुढचा रस्ता सारख्याच अंतरावर असले की एकाच ठिपक्यात कोंबले जातात. एका प्रतिमेतून ते सुटत नाहीत. थोड्या थोड्या वेगळ्या जागांवरून अनेक प्रतिमा घेतल्या, की परतणाऱ्या लहरीची कला (फेज, म्हणजे लहर चढ-उताराच्या कुठल्या टप्प्यावर आहे ते) गच्चीसाठी वेगळी बदलते, रस्त्यासाठी वेगळी. त्या फरकातून उंची सुटी करायची, हीच टोमोग्राफी.

घोडं अडतं ते इथे. २४ सेंटिमीटरच्या लहरीनं १० मीटरचा फरक वेगळा काढायला निसारच्या उंचीवर या जागा दहा-अकरा किलोमीटरांत पसरल्या तरी भागतं. त्या उंच कक्षेत मात्र सुमारे साडेचारशे किलोमीटर लागतात! शिवाय प्रतिमा घडेपर्यंत हवेतलं बाष्पही बदलत राहतं आणि लहरीची कला बिघडवतं.

म्हणून मला एक तोड फार पटते: वरच्यानं नुसत्या लहरी सोडायच्या, ऐकायचं काम खालच्या लहान उपग्रहांच्या ताफ्यानं करायचं. मग वीसेक किलोमीटरांचा पसारा पुरतो. ताफा किती मोठा, त्यावर पहारा किती सलग राहील ते ठरेल.