आमची वाटचाल: छोट्या गाड्यांचा क्लास कसा सुरू झाला

मालवणात आमचं दुकान मूळचं मोटर रिवायंडिंगचं, बाबांनी सुरू केलेलं. माडा-पोफळीच्या बागेतले पंप जळले की लोक आजही आमच्याकडेच आणतात. त्याच दुकानात एका कपाटात मी आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या छोट्या गाड्यांचे पार्ट ठेवायला लागलो, मग एकाची तीन कपाटं झाली आणि गिऱ्हाईक विचारायला लागलं की गाड्या विकतोस तर पळवायच्या कुठे ते पण सांग, म्हणून दिवाळी ते मे दर रविवारी सकाळी रेस घ्यायला लागलो. पाऊस लागला की बंद.

तेव्हा एकच क्लास, म्हणजे रेसचा एकच गट होता, १/१० टूरिंग, खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाच्या गाड्यांचा. १९० मिमी रुंदीच्या गाड्या, चारही चाकांना ड्राईव्ह, ब्रशलेस म्हणजे कार्बन ब्रश नसलेली मोटर. दिसायला देखण्या पण आमचं सिमेंटचं मैदान लहान, जरा वेग घेतला की लगेच ब्रेक. आणि एकाने भारी मोटर आणली की पुढच्या रविवारी सगळ्यांनाच हवी. माझी विक्री व्हायची, खोटं कशाला बोलू, पण नवीन पोरगं एकदा यायचं, तीन-चार लॅप मागे पडायचं आणि परत दिसायचं नाही, ते मला फार लागायचं.

म्हणून तामिया या जपानी कंपनीच्या एम-चेसिसचा, म्हणजे त्यांच्या छोट्या सांगाड्याच्या गाड्यांचा क्लास काढायचं ठरवलं. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २१०, २२५ नाहीतर २३९ मिमी, वर मिनी कूपरसारखी छोटी बॉडी. आम्ही त्यातलं एम-०५ हे मॉडेल घेतलं, ती पुढच्या चाकांवर चालते, वळणात थ्रॉटल सोडला की नाक आपोआप आत येतं, आणि ओढायचं नि वळवायचं दोन्ही काम पुढच्याच टायरांना असल्याने झिजतात पण तेच आधी.

जुन्या मंडळींना पटेना. आठ-नऊ गाड्या, त्यांचे दोन भाग केले तर चार-चार उरणार, ती काय रेस? मुद्दा खराच होता. मग एका काकांनी विचारलं, "आणि गाडी उलाटली तर उचलूक कोण जातलो?" आणि मला तिथेच उत्तर सापडलं. आरसीत जे आत्ता पळवून आले तेच पुढच्या रेसला उलटलेल्या गाड्या उचलायला कोपऱ्यांवर मार्शल म्हणून उभे राहतात, आमच्याकडे सगळे एकदमच पळवायचे म्हणून मार्शलला घरच्यांना उन्हात उभं करावं लागायचं. दोन क्लास झाले तर पाच मिनिटं हे पळवणार ते उचलणार, मग उलट, शिवाय मधल्या वेळात मोटर गार होते. अट एकच, एका रविवारी प्रत्येकाने एकाच क्लासमध्ये नाव द्यायचं, नाहीतर परत तेच.

गाड्या कमी पडू नयेत म्हणून दुकानाच्या तीन गाड्या भाड्याने द्यायला ठेवल्या. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं गावी आली आणि एका रविवारी छोट्या क्लासला सात गाड्या लागल्या, टूरिंगपेक्षा जास्त!

नियम मोजकेच ठेवले. चंदेरी डब्याची (वरच्या पत्र्याच्या आवरणाची) ५४० साईझची ब्रश मोटर, तिच्यावरचं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन २० दातांचंच. किटमधले बुश (दांडा फिरतो ती साधी कडी) काढून बेअरिंग घालायला परवानगी, पण रबर सीलचेच घ्या असं मी प्रत्येकाला सांगतो, इथल्या खाऱ्या हवेत उघडे बेअरिंग एका पावसाळ्यात गंजून जाम होतात.

मोटरी मात्र दुकानाच्या, सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या. एकाच कंपनीच्या नव्या मोटरी असल्या तरी एखादी जास्तच पळते हे पहिल्या महिन्यात कळलं आणि कुरबुर सुरू झाली. तेव्हा बाबा, जे तोपर्यंत या सगळ्याला खेळणी म्हणायचे, ते म्हणाले आण इकडे. प्रत्येक मोटर ७.२ व्होल्टवर मोकळी फिरवून त्यांनी ॲम्पिअर बघितले, डब्यावर पेनने आकडे लिहिले आणि वेगळ्या निघालेल्या दोन बाजूला काढल्या. आता शनिवारी संध्याकाळी पंपाचं काम आटपलं की ते स्वतःच मोटरींचा डबा मागून घेतात.