गाईडशी भांडत ‘मॅकबेथ’

भाचीला परीक्षेला ‘मॅकबेथ’ आहे. तिच्याकडे दोन गाईड, मैत्रिणीनं पाठवलेली एक पीडीएफ आणि अख्खं नाटक चुटकीसरशी उरकणारे दोन-तीन व्हिडिओ असा दारूगोळा जय्यत आहे. नाटकाचं पुस्तक मात्र कोरं करकरीत. “मावशी, वाचायला वेळ कुठंय?” अगं, शेक्सपिअरच्या शोकांतिकांमधली ही सगळ्यांत छोटी. मोठ्यानं वाचलीस तरी एका दुपारीत होईल.

गाईडवर माझा राग नाही. प्रवेशवार सारांश तर हवाच. रॉस, लेनॉक्स, अँगस ही सरदार मंडळी कुणाचीही सरमिसळ होईल अशीच आहेत. सरदार मॅकबेथनं राजा डंकनचा खून केल्यावर राजाचा एक मुलगा माल्कम इंग्लंडला पळाला आणि दुसरा, डोनलबेन, आयर्लंडला, हे पेपरच्या आदल्या रात्री चाळायला सारांशच बरा. माझं वाकडं आहे ते व्यक्तिचित्रणाच्या पानाशी. लेडी मॅकबेथ, म्हणजे मॅकबेथची बायको : महत्त्वाकांक्षी, निर्दयी, पाषाणहृदयी. भाचीनं हे तीन शब्द पिवळ्या हायलायटरनं रंगवले होते.

मी तिला दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश काढायला लावला. ही बाई राजाच्या पहारेकऱ्यांना दारू पाजून, स्वतःही घोटभर घेऊन, राजाला मारायला गेलेल्या नवऱ्याची वाट बघतेय. घुबड ओरडलं तरी दचकते. आणि मग म्हणते, झोपलेला राजा माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच उरकलं असतं. तेवढ्यात नवरा येतो. पुढे दोघांचं बोलणं एकेका शब्दाचं : कधी? आत्ता. मी खाली येताना? हो. खून रंगमंचावर दिसतच नाही, जे काय घडतं ते या तुटक बोलण्यात. गाईडमध्ये या सगळ्याचं एक वाक्य झालंय, ‘मॅकबेथ डंकनचा खून करतो.’ भाचीनं हायलायटर ठेवला, पेन घेतलं आणि समासात लिहिलं, “पाषाणहृदयी? मग वडिलांचं काय?” गाईड वापरायचं ते असं. मग पाचव्या अंकात हीच बाई झोपेत चालत हात चोळते, ते आभाळातून पडल्यासारखं वाटत नाही.

अवतरणांची यादी पाठ करताना मी एकच अट घातली : कोण, कुणाला आणि कधी म्हणतं हे सांगता आलं नाही, तर ते वाक्य खोडायचं. ‘फेअर इज फाउल, अँड फाउल इज फेअर’ (चांगलं तेच वाईट, वाईट तेच चांगलं) हे मॅकबेथला राजपदाचं भाकीत सांगणाऱ्या चेटकिणींचं, पहिल्याच प्रवेशातलं, हे सगळ्यांना येतं. पण मॅकबेथ पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हा त्याच्याही वाक्यात हेच दोन शब्द आहेत, आणि तोवर त्यानं चेटकिणींना पाहिलेलंसुद्धा नाही. हे उत्तरात आलं, की मुलीनं नाटक उघडलंय हे तपासणाऱ्याला कळतं.

पार्श्वभूमीचा परिच्छेद ही आणखी एक गंमत. 1603 साली स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर आला, त्यानं त्याआधी 1597 मध्ये चेटूकविद्येवर पुस्तक लिहिलं होतं, वगैरे. मुलं हा परिच्छेद दिसेल त्या प्रश्नाच्या डोक्यावर चिकटवतात. तो मॅकबेथचा साथीदार सरदार बँको याच्यावरच्या प्रश्नासाठी राखून ठेवावा. शेक्सपिअरनं जिच्यातून गोष्ट घेतली त्या होलिनशेडच्या बखरीत बँको खुनाच्या कटात सामील आहे. जेम्सचं घराणं आपला मूळपुरुष बँकोला मानायचं, आणि नाटकातला बँको मात्र धुतल्या तांदळासारखा. आता चौथ्या अंकात मॅकबेथला दिसणारी, बँकोच्या वंशातल्या राजांची रांग वाचा, परिच्छेद आपोआप कामाला लागतो. नमुना उत्तरं तर मी शेवटीच उघडू दिली : आधी आपले मुद्दे कच्च्या कागदावर, मग त्यांचे.

काल भाची वैतागून आली. एक गाईड म्हणतं, चेटकिणींनी मॅकबेथला नादी लावलं. दुसरं म्हणतं, त्याच्या मनातच होतं. “मावशी, बरोबर कुठलं?” मी म्हटलं, चेटकिणी फक्त ‘राजा होशील’ म्हणतात, खून कर असं त्यांच्या तोंडी कुठं सापडतं का बघ. शोधून आली. नाही सापडलं. आता दोन्ही गाईडांची मतं मांडून ती स्वतःचं उत्तर लिहितेय, आणि ते दीड पानाच्या वर चाललंय म्हणून पुन्हा वैतागलीये.