मॅनेजर बदला, फाइल बदलू नका

आमच्या टीममध्ये एकाने सगळ्या पायथॉन रिपॉझिटरी (प्रोजेक्टच्या कोडचे साठे) यूव्ही या नव्या पॅकेज मॅनेजरवर, म्हणजे कोडला लागणारी तयार पॅकेजेस आणून बसवणाऱ्या हत्यारावर, न्यायचा प्रस्ताव टाकला, तेव्हा जेवणाच्या टेबलावर पहिली प्रतिक्रिया आली ती "अरे, परत? आत्ता कुठे पोएट्री अंगवळणी पडलंय" अशी. तक्रार रास्तच आहे. एवढ्याच कामाची किंवा त्यातल्या तुकड्यांची ही हत्यारं बघा: पिप, व्हर्च्युअलएन्व्ह, कोंडा, पिपएन्व्ह, पोएट्री, पीडीएम, हॅच, राय आणि आता यूव्ही. ज्याला एका सीएसव्हीवरून चार आलेख काढायचेत, त्याने आधी यातलं एक निवडायचं आणि ते निवडायला अर्धा दिवस वाचत बसायचं.

तरी मी प्रस्तावाच्या बाजूने बोलले. त्याचं कारण वेग नाही. यूव्हीच्या वेगाचं फार कौतुक होतं, आणि ते खरंही आहे, पण पॅकेजेस बसायला थोडा वेळ लागला म्हणून आमचं काम कधी अडलेलं नाही. अडतं ते त्याच्याही आधी.

नवीन मुलगी जॉइन होते. विंडोजचा लॅपटॉप. टर्मिनल उघडून ती 'पायथॉन' टाइप करते आणि समोर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. शेजारच्याकडे उबुंटू लिनक्स आहे, २३.०४ च्या पुढचं. तो पिपने काही बसवायला जातो, तर सिस्टिम सांगते की हे एन्व्हायर्नमेंट (पायथॉन आणि त्यात बसवलेली पॅकेजेस राहतात ती जागा) बाहेरून सांभाळलं जातं, इथे हात लावू नका. मग तो नेटवर शोधतो. पहिल्याच उत्तरात 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' नावाचा फ्लॅग (कमांडला जोडायचा पर्याय) असतो, आणि इतकं स्पष्ट नाव वाचूनही तो बिनधास्त टाकतो. तिसऱ्याच्या मशीनवर पायथॉन इतकं नवं आहे की आमच्या एका जुन्या लायब्ररीचं तयार व्हीलच, म्हणजे आधीच बांधून ठेवलेलं पॅकेज, त्या आवृत्तीसाठी नाही. पिप बिचारं सोर्सवरून बांधायला घेतं आणि शेवटी 'व्हिज्युअल सी प्लस प्लस १४.० हवं' म्हणून लाल अक्षरांत पसरतं. तिघांनी अजून आमच्या कोडची एक ओळ पाहिलेली नाही.

याचं मूळ असं की पिप स्वतःच पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे आणि ज्या पायथॉनमध्ये पॅकेजेस बसवायची सहसा त्याच्याच पोटात राहतं. त्यामुळे कुठलं पायथॉन आणि त्यातलं कुठलं पिप, हा प्रश्न पिप सोडवूच शकत नाही. तो दरवेळी माणसाने सोडवायचा. इयन बिकिंगने २००७ मध्ये व्हर्च्युअलएन्व्ह आणि २००८ मध्ये पिप दिलं. त्याआधीच्या इझी-इन्स्टॉलला तर बसवलेलं पॅकेज काढता येत नव्हतं, तेव्हा ही मोठीच उडी होती. पण कामं वेगवेगळ्या हत्यारांत विभागली गेली ती गेलीच. एन्व्हायर्नमेंट एकाकडे, बसवणं दुसऱ्याकडे, पायथॉनची आवृत्ती आणायला पायएन्व्ह, आणि लॉक फाइल (कुठल्या पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती बसवायची त्याची नोंद) ज्याची त्याची. पुढे पिपएन्व्ह आणि पोएट्रीने बराच पसारा एकत्र केला, पण तीही पायथॉनमध्येच लिहिलेली. आधी पायथॉन हवंच.

यूव्ही २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. रस्ट या भाषेत लिहिलेली एकच फाइल, चालायला पायथॉन लागत नाही. प्रोजेक्टला हवी ती पायथॉनची आवृत्ती ते स्वतः उतरवून घेतं, एन्व्हायर्नमेंट करतं, पॅकेजेस बसवतं. रिपॉझिटरी क्लोन करा, 'यूव्ही रन' म्हणा, झालं. वर मी ज्या तिघांबद्दल लिहिलं, त्यांच्यासाठी हे नवं हत्यार हवंच होतं, आणि ते पिपमध्ये एखादं फीचर वाढवून मिळालं नसतं.

मग जेवणाच्या टेबलावरच्या तक्रारीचं काय? मला वाटतं, लोक दमलेत ते कमांड पाठ करून नाही. दोन-चार कमांड आठवड्यात बोटांत बसतात. दमवतं ते फाइल बदलणं. २०१६ च्या पेप ५१८ ने (पेप म्हणजे पायथॉनमधल्या बदलांचे अधिकृत प्रस्ताव) पायप्रोजेक्ट डॉट टॉमल ही प्रोजेक्टची माहिती ठेवायची फाइल आणली, २०२० च्या पेप ६२१ ने प्रोजेक्टचं नाव, आवृत्ती, डिपेंडन्सी (लागणारी पॅकेजेस) त्यात कशा लिहायच्या ते ठरवलं. पण पोएट्री तोवर स्वतःच्या वेगळ्या विभागात हे सगळं लिहून मोकळं झालं होतं आणि 'प्रोजेक्ट' हा प्रमाण विभाग त्याने स्वीकारला तो २०२५ च्या जानेवारीत, २.० मध्ये. आमच्या जुन्या फाइल्समध्ये जागोजागी "^२.१" असं लिहिलेलं आहे. हे कॅरेट, म्हणजे पुढचं टोपीसारखं चिन्ह, पोएट्रीला कळतं, प्रमाण व्याकरणात ते नाहीच. म्हणजे प्रत्येक ओळ "२.१ किंवा पुढची, पण ३ च्या आत" अशी सोडवून लिहायची. काम अवघड नाही, कंटाळवाणं आहे, आणि ते करताना प्रत्येकाच्या मनात येतं की पुढच्या वेळी परत हेच.

जावास्क्रिप्टवाल्यांनी हे आधी भोगलंय. फेसबुकने २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये यार्न हा त्यांचा नवा पॅकेज मॅनेजर आणला, तेव्हाही 'आणखी एक?' झालंच होतं. पण त्यानंतर वर्षभराच्या आत एनपीएमने, म्हणजे त्यांच्या जुन्या मॅनेजरने, स्वतःची लॉक फाइल आपोआप बनवायला सुरुवात केली. ज्यांनी यार्नला हातही लावला नाही त्यांचाही फायदा झाला. पायथॉनमध्ये आता पायलॉक डॉट टॉमल या समाईक लॉक फाइलचं प्रमाण, पेप ७५१, २०२५ मध्ये मंजूर झालंय. पिपनेही ती बनवायची प्रायोगिक सोय आणली आहे. पिप बहुतांशी स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं हे लक्षात घेतलं तर त्यांना आळशी म्हणणाऱ्यांचा मला रागच येतो.

यूव्हीबद्दल माझी कुरकुर नेमकी इथेच आहे. त्याची लॉक फाइल त्याचीच. पायलॉकमध्ये एक्स्पोर्ट करता येते, पण मूळ फाइल वेगळीच राहते. शिवाय ते बनवणारी ॲस्ट्रल ही गुंतवणूकदारांच्या पैशावर उभी राहिलेली कंपनी. परवाना खुला आहे, उद्या काही बिनसलं तर कोणीही फोर्क करू शकतो, म्हणजे कोडची प्रत घेऊन पुढे चालवू शकतो, हे मान्य. पण फोर्क सांभाळायला माणसं लागतात.

आणि कोंडा? जीडॅलवाली आमची रिपॉझिटरी कोंडावरच राहणार. उपग्रहाची चित्रं वाचणाऱ्या त्या लायब्ररीच्या मागे सी आणि सी प्लस प्लसच्या लायब्ऱ्यांची लांबलचक वरात आहे. पीवायपीआयवर, म्हणजे पायथॉन पॅकेजेसच्या सार्वजनिक भांडारात, जीडॅल आहे, पण आधी मशीनवर मूळ लायब्ररी हवी आणि तिच्या आवृत्तीशी मेळही हवा. यावर तिथल्या तिथे एकमत झालं.

बाकीच्या रिपॉझिटरी हलवायच्या, पण एका अटीवर, असं ठरलं. सीआयमध्ये (कोड बदलला की आपोआप तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेत) एक जॉब असा ठेवायचा की जो यूव्हीला न विचारता, कोऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये साध्या पिपने प्रोजेक्ट बसवून पाहील. तो पडला तर मर्ज नाही, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा नाही. पहिल्याच रिपॉझिटरीत तो पडला. आमचं एक अंतर्गत पॅकेज आहे, त्याचा गिटचा पत्ता कोणीतरी यूव्हीच्या 'सोर्सेस' विभागात लिहिला होता. तो विभाग यूव्हीच वाचतं. पिपला फक्त नाव दिसलं आणि ते नाव शोधायला ते थेट पीवायपीआयवर गेलं. तिथे त्या नावाचं काही नव्हतं म्हणून नुसतीच एरर आली. उद्या कोणी त्याच नावाने काही चढवलं असतं, तर तेच आमच्या मशीनवर गुपचूप बसलं असतं. आता अंतर्गत पॅकेजेसचा पूर्ण गिट पत्ता प्रमाण पद्धतीने डिपेंडन्सीच्या ओळीतच लिहायचा असं केलंय. ओळी लांबलचक होतात आणि रिव्ह्यूत दोघांनी नाकं मुरडली. पण जॉब हिरवा झाला.