बुधवारचा उपवास

"ताई, आज कसला उपवास?"

परवा दुपारी पुण्यातल्या एका हॉटेलात साबुदाण्याची खिचडी सांगितली, तर वेटरने विचारलं. पोरगा विशीतला असेल, गळ्यात तुळशीची माळ. बुधवार होता. ना चतुर्थी, ना एकादशी, आणि समोर नवरा मिसळीवर कांदा पेरत बसलेला. मी म्हटलं, "पांडुरंगाचा." माहेर सोलापूरचं, म्हणजे पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. एवढं खोटं पांडुरंग पोटात घालेल असा भरवसा आहे.

पुढे त्या पोराने जे केलं त्याला तोड नाही. टेबलावरची चटणीची वाटी आपणहून उचलली. "यात फोडणी आहे हिंगाची, तुम्हाला नाही चालायची." नवऱ्याचा पापड माझ्या बाजूला सरकला होता, तो त्याच्याकडे ढकलला. मिसळीच्या ताटाशेजारी पडलेला चमचा नेला आणि आतून धुतलेला दुसरा आणला. दही वेगळ्या वाटीत, वर झाकण. जाताना सांगून गेला, "खिचडीची कढई वेगळी असते ताई, निवांत खा."

मला नेमकं हेच हवं असतं. ते मागता मागता माझी वर्षं गेली.

खरं सांगून पाहिलंय की. माझा आजार सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनाने आतडं खराब होतं. "मला सिलिॲक आहे, गहू अजिबात चालत नाही," म्हटलं की वेटर मॅनेजरकडे बघतो, मॅनेजर भटारखान्याकडे. ग्लुटेन म्हटलं तर ते ग्लुकोज ऐकतात आणि "शुगर आहे का मॅडम? चहा बिनसाखरेचा देतो" म्हणतात. फारच समजूतदार मॅनेजर असला तर सांगतो, "कटलेटला रवा लावलाय, पण थोडाच." उपवासाच्या बाबतीत हा "थोडाच" कधी कानावर आलाय? एकादशीला कुठल्या हॉटेलात "थोडंसं चिकन आहे, बाजूला काढून खा" म्हणतात? जैन म्हटलं की हातगाडीवालासुद्धा पावभाजीसाठी तव्याचा कोपरा घासून घेतो. देवाधर्माचं 'नाही' आपल्याकडे एका दमात कळतं. डॉक्टरच्या 'नाही'मध्ये मात्र सगळ्यांना वाटाघाटीला जागा दिसते.

म्हणून मी उपवास करते. हॉटेलात पाय टाकला की करते, घरी आल्यावर सोडते. आपल्या उपवासाची घटना ज्या कुणी लिहिली त्या बाईने (बाईच असणार) माझ्यासारखीचा विचार करून लिहिल्यासारखी आहे. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळी, दाणे, दही. कशालाच गव्हाचा वारा नाही. फोडणीला जिरं आणि मिरची, हिंग नाही. हिंग नाही यातच सगळं आलं. बिचारा हिंग स्वतः निर्दोष आहे, झाडाच्या मुळातून निघणारा चीक. पण निव्वळ हिंग इतका उग्र की तो पिठात आणि डिंकात कालवून डबीत भरतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबीमागची अक्षरं मुंगीएवढी. त्यामुळे तांदूळ आणि उडदाची इडली मला चालते पण सांबार चालत नाही, चटणी चालते पण तिच्यावरची फोडणी चालत नाही. उडप्याकडे बसून कोरडी इडली चावणारी बाई दिसली तर ती मी असण्याची शक्यता आहे.

बटाटेवडा बेसनाचा, म्हणजे पाव सोडून खायला हरकत नसावी. पण त्याच कढईत आधी सामोसे पोहून गेलेले असतात, ब्रेडपॅटिसही. कोकणात गेलं की तांदळाची भाकरी आणि सोलकढी बघून जीव भांड्यात पडतो, तेवढ्यात सुरमई येते ती रव्याचं जॅकेट घालून. आमच्याकडच्या भाकरीचं काय म्हणाल, तर हॉटेलातल्या ज्वारीच्या भाकरीत, ती तव्यावर टाकताना मोडू नये म्हणून, कणीक मिसळणारे महाभाग आहेत. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं, तेव्हा मला वाटलं, आले आपले दिवस. आले ते बोर्ड. नाचणीचा पिझ्झा, ज्वारीचा बर्गर. आत विचारलं तर निम्मा मैदा. "नाहीतर फुगत नाही ना मॅडम."

आईला हे सगळं फोनवर सांगितलं तर तिला त्यात नवल वाटलं नाही. "गव्हावर दळलं की असंच व्हायचं," म्हणाली.

सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी गिरणी होती. दळण नेणं हे माझं काम. डबा ज्वारीचा, वर खडूने आडनाव, आणि आईची एकच ताकीद, "ज्वारीवर टाकायला सांग. गव्हावर टाकू देऊ नको." गिरणीत शिरलं की आधी पट्ट्याचा आवाज, मग गरम पिठाचा वास. गिरणीवाले मामा भुवयांपासून पायांपर्यंत पांढरे, नुसते डोळे काळे. गव्हाचं दळण चालू असलं की मी दाराशी उभी राहायची. मामा ओरडून विचारायचे, "चालतंय का?" मी नाही म्हणून मान हलवायची. मग कुणाची तरी ज्वारी येईपर्यंत थांबायचं, ती दळून झाली की आपली. पीठ ज्या कापडी नळीतून डब्यात पडायचं तिच्यावर मामा हाताने दोन थापट्या मारायचे, आतलं अडकलेलं पीठ खाली यायचं. मी ते बघायची आणि म्हणायची, "अजून एक मारा मामा." आईने शिकवलेलं. दुसऱ्याचं पीठ आपल्या डब्यात नको, भाकरी चिवट होते.

उपवासाची भाजणी असली तर आई स्वतः जायची. मुलीवर सोडण्यासारखं ते काम नव्हतं.

आता ग्लुटेनमुक्त असं छापायचं असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन हवं, असा आपल्याकडे नियम आहे. २० मिलिग्रॅम म्हणजे मामांच्या त्या तिसऱ्या थापटीलाही हाती न लागणारं काहीतरी. शेवटी मी घरघंटी घेतली. तिच्यात गहू घालणाऱ्याला घराबाहेर काढण्यात येईल असं मी सांगून ठेवलं आहे, आणि घरात सगळ्यांना ते खरं वाटतं.

लग्नाआधी घरात रोजची भाकरी, पोळ्या सणावाराला. पुण्यात आले आणि दोन्ही वेळा पोळ्या सुरू झाल्या. वजन उतरलं, हिमोग्लोबिन तळाला, पोटाचा तंबोरा. माहेरचे म्हणायचे, पोरीला सासर मानवलं नाही. सासूबाई बिचाऱ्या अपराध्यासारख्या मला आग्रहाने आणखी एक पोळी वाढायच्या, तूप लावून. लोहाच्या गोळ्या, जंताचं औषध, "बायकांचं असतंच असं" हे ठरलेलं वाक्य. मग एका तरुण डॉक्टरीणबाईंनी रक्ताची एक वेगळी तपासणी लिहून दिली, पुढे दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढला आणि गुन्हेगार सापडला. सासूबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी पेढे आणले. पेढ्यात मैदा नाही ना, हे विचारून आणले. असं माणूस लाखात एक.

गहूच गुन्हेगार हे ज्याने शोधलं तो डच डॉक्टर विलेम डिके. मुलांचा डॉक्टर होता, हेगमध्ये. पावावर त्याचा संशय युद्धाआधीपासूनच. मग १९४४-४५ चा हिवाळा आला. जर्मनांनी नाकेबंदी केलेली, हॉलंडच्या पश्चिम भागात पाव मिळेना, लोक साखरबीट आणि ट्युलिपचे कंद उकडून खायला लागले. हजारो माणसं उपासमारीने गेली. आणि त्याच हिवाळ्यात डिकेची ही पोटाची आजारी पोरं सुधारली. युद्ध संपलं, पाव परत आला आणि पोरं पुन्हा आजारी पडली. १९५० साली त्याने प्रबंध लिहिला तो गहू आणि हा आजार यावर. मला त्या आयांचं काय झालं असेल असं वाटत राहतं. शेजारपाजारची मुलं वाळत चाललीत आणि आपलं तेवढं बाळसं धरतंय, हे कुणाला सांगायचं तरी कसं?

आमच्याकडे वाळण्याची भीती नाही, आग्रह आहे. लग्नाच्या पंगतीत जिलेबी घेऊन कुणी मामा पुढ्यात उभे ठाकतात. नको म्हटलं की "डाएट का?", आजार आहे म्हटलं की "एका जिलेबीने काय होतंय!" यातली खरी अडचण अशी की लगेच काहीच होत नाही. दाण्याच्या ॲलर्जीवाल्यासारखा माझा चेहरा सुजत नाही, मी धाडकन खाली पडत नाही. पडले असते तर निदान मामांची खात्री पटली असती. जे व्हायचं ते आत, मुकाट्याने, बरेच दिवस. ते बघायला मामा थोडेच थांबणार. तिथेही मी हल्ली उपवासच सांगते. मामा जिलेबीचं ताट मागे घेतात आणि वर नमस्कार करतात.

भाची मिलानला असते. मी तिकडे जाऊन उपाशी मरणार असं धरूनच गेले, पास्त्याचा आणि पिझ्झ्याचा देश तो. तर तिथल्या वेट्रेसने मी तोंड उघडताच विचारलं, सिलिॲक की नुसतीच आवड? सिलिॲक म्हटल्यावर वेगळं मेनूकार्ड, वेगळं भांडं, पास्ता वेगळ्या पाण्यात उकडलेला. तिथे २००५ पासून याचा कायदाच आहे, या आजाराच्या माणसाला ग्लुटेनमुक्त खाण्यासाठी सरकार दरमहा मदत देतं. पास्ता खाऊन माझे डोळे भरून आले. भाची म्हणाली, "मावशी, अगं मीठ कमी आहे का?"

परत आल्यावर घरात मी आणखी कडक झाले. माझा तवा वेगळा, पोळपाट वेगळा, झारा वेगळा, गाळणीसुद्धा वेगळी. मुलगा कणकेच्या हाताने माझ्या पिठाच्या डब्याला शिवायला आला की मी जी किंचाळते ती ऐकून नवरा म्हणतो, "आजी बोलल्या." आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. ओलेतं लुगडं, आणि आम्हा मुलांना उंबऱ्याच्या आत मज्जाव. मी मुद्दाम हात लांब करून तिच्या पदराला शिवायची आणि पळायची. तिची सगळी आंघोळ वाया. तेव्हा तिला हसले, आता तीच माझ्या अंगात आली, असं म्हणून चारचौघांत टाळ्या घेता येतात. मीही घेतल्या आहेत.

पण आजीच्या परसात एका कोनाड्यात कान तुटलेला कप असायचा. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा. त्यांनी तो विसळून पुढे धरायचा आणि चहा वरून ओतायचा. त्या कपाचा कुठल्या पिठाशी काही संबंध नव्हता. माझं ताट वेगळं असतं तेव्हा यजमान तीनतीनदा येऊन विचारतात, पुरलं का, आणखी काय देऊ. त्या बाईंना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नाही. म्हणून आमच्या ग्रुपातल्या कुणी, मी डबा काढल्यावर, "वहिनींचं सोवळं कडक हं" म्हटलं की मी ऐकून घेत नाही. बाकी हवी ती थट्टा करा. हिंगावरून करा, पांडुरंगावरून करा. ही नको.

असं मी बोलले की टेबलावर जरा अवघडल्यासारखं होतं. मग कुणीतरी आइस्क्रीमचा विषय काढतं. कोन की कप, विचारतात. कोन मैद्याचा. मला कप.