रात्रीच्या पाळीला माणसे किती?

सांगली-मिरजेकडच्या एखाद्या वृद्धाश्रमाची चौकशी करायला गेलेल्या कुटुंबाला आधी इमारत दाखवली जाते. बाग, प्रार्थनेचे सभागृह, स्वयंपाकघर, दोन खाटांची खोली, मग महिन्याचा खर्च आणि अनामत रक्कम, असा तो क्रम ठरलेला असतो. हे सारे पाहायलाच हवे. परंतु अर्धांगाच्या झटक्यानंतर माझी आत्या आश्रमात राहू लागली तेव्हापासून माझे एक मत पक्के होत गेले आहे. तिथली निगा कशी आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती सेविका जाग्या असतात, हे सर्वांत आधी विचारावे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. माकडहाड, टाचा, खुबे अशा हाडाच्या जागी सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा खुंटतो आणि त्वचा आतून मरू लागते. सुरुवातीला दिसतो तो फक्त एक लालसर डाग, जो बोटाने दाबला तरी फिका पडत नाही. त्याच वेळी लक्ष गेले तर बहुधा निभावते; दुर्लक्ष झाले तर काही दिवसांत जखम होते, आणि म्हातारपणी ती भरून यायला महिने लागतात. एअर बेडमुळे दाब कमी होतो, पण कूस बदलण्याचे काम त्यामुळे टळत नाही. आता साधा हिशेब करू. कूस बदलणे, डायपर पाहणे, ओली चादर काढणे आणि पाठ कोरडी करणे याला माणशी दहा मिनिटे धरली, तर असे दहा जण असलेल्या मजल्यावर एका फेरीला शंभर मिनिटे जातात आणि वीस मिनिटांनी पुढची फेरी सुरू होते. त्यातच कोणी संडासला जायचे म्हणून हाक मारली, कोणी घाबरून उठून बसले, तर एकट्या सेविकेने काय करावे? शिवाय जड अंगाच्या माणसाला एकटीने वळवणे शक्यच नसते. एकटी असली की ती ओढते, आणि त्या ओढण्यानेही कातडी सोलवटते.

आत्या आधी ज्या आश्रमात होती तिथे तिच्या खाटेच्या पायथ्याशी कूस बदलल्याच्या नोंदींचा कागद लावलेला असे. दहा, बारा, दोन, चार अशा वेळांपुढे बरोबरच्या खुणा असत, सगळ्या एकाच शाईच्या आणि एकाच ओघात केलेल्या. एके सकाळी सातच्या सुमारास मी तिथे पोहोचलो, तेव्हा आठ वाजताच्या रकान्यातही खूण झालेली होती. तोवर तिच्या माकडहाडाशी रुपयाएवढी जखम झाली होती. त्या खुणा करणाऱ्या बाईंचा मला राग आला नाही. आदल्या रात्री त्या संपूर्ण मजल्यावर एकट्या होत्या आणि दिवसपाळीची बाई न आल्याने तशाच पुढे कामाला लागल्या होत्या. ब्युरोकडून, म्हणजे माणसे पुरवणाऱ्या संस्थेकडून, आलेल्या सेविकांचे असे नेहमी होते. त्यांची ओळख पटेपर्यंत त्या बदललेल्या असतात आणि पाळ्यांचे गणित बसवणारा माणूस मजल्यावर कधी दिसत नाही. माझी तक्रार त्या माणसाविषयी आहे.

निगेच्या दुसऱ्या एका भागाकडे नातेवाइकांचे सहसा लक्ष जात नाही, तो म्हणजे पाणी. वयोमानाप्रमाणे तहानेची जाणीव मंदावते हे खरे आहे. त्यापेक्षाही मला लागलेली गोष्ट अशी की कित्येक म्हातारी माणसे जाणूनबुजून पाणी पीत नाहीत, कारण प्यायले की जावे लागते आणि जायचे तर कोणाला तरी उठवावे लागते. म्हणजे रात्री हाकेला माणूस येणार नसेल तर आजी दिवसाच तांब्या दूर सारतात. मग बद्धकोष्ठ होतो, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, आणि या वयात तो संसर्ग पुष्कळदा तापाने नव्हे तर अचानक आलेल्या भ्रमाने कळतो. काल नीट बोलणारी बाई आज भलत्याच नावाने हाक मारू लागते. “वय झालं, चालायचंच,” असे म्हणून तो विषय सोडून दिला जातो, आणि दोन-तीन दिवस उपचाराविना निघून जातात. अशी अचानक आलेली असंबद्धता दिसली की लघवीची तपासणी करायला सांगावी, एवढे प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावे.

आत्याची डावी बाजू लुळी आहे. सध्याच्या आश्रमात ती गेली तेव्हा पाण्याचे स्टूल तिच्या डावीकडे होते, कारण खोलीतली सगळी स्टुले त्याच बाजूला मांडलेली होती. कवठेमहांकाळकडून एसटीने येणाऱ्या एका सेविकेने पहिल्याच पाळीला ते उचलून उजवीकडे ठेवले आणि म्हणाली, “आजी, हात पोचतोय का बघा. घ्या की पाणी, कुणाला मागायचं न्हाई.” कोणी सांगितले म्हणून तिने हे केले नव्हते. आत्या पाण्यासाठी मान वळवते पण हात पुढे करत नाही, हे तिच्या नजरेतून सुटले नव्हते. निगा म्हणतात ती याला. असे बघायला सेविकेच्या हाताशी थोडा वेळ असावा लागतो, आणि तो पुरेशी माणसे नेमल्याशिवाय मिळत नाही.

पितृपक्षात आश्रमांकडे जेवण देणाऱ्यांची रीघ लागते. शिरा, जिलेबी, बासुंदी असे पदार्थ येतात, देणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो, आणि पंधरा दिवस मधुमेही मंडळींची साखर चढलेली राहते. अर्धांग झालेल्या माणसाला गिळायला त्रास असेल तर त्याला ताठ बसवून, एकेक घास उतरल्याची खात्री करत भरवावे लागते. आडवे ठेवून घाईने भरवले तर अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. अशा एका जेवणाला अर्धा तास सहज लागतो. अन्न देणारे पुष्कळ आहेत, भरवणारे हात मात्र कमी आहेत.

आपल्या भागात पुराचेही विचारायला हवे. सांगलीत इर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. नदीच्या बाजूच्या आश्रमाने खाटेवरची माणसे कोणत्या वाहनातून, कोठे आणि कोणाच्या मदतीने हलवायची, हे पावसाळ्याआधी लिहून ठेवलेले असावे.

कायद्याचा आधार या बाबतीत तोकडा आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे. खासगी निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. विश्वस्त संस्थेचे आश्रम धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब सादर करतात. त्या हिशेबातून रात्री मजल्यावर कोण होते हे कळत नाही. ज्येष्ठांना छळाची किंवा हेळसांडीची तक्रार करता यावी म्हणून १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि तो क्रमांक खोलीत ठळक लावलेला असावा असा आग्रह आपण धरू शकतो.

यंदा आईच्या श्राद्धाला आम्ही आश्रमात जेवण दिले नाही. रात्रपाळीला आणखी एक सेविका ठेवता यावी म्हणून तिच्या पगारातला काही वाटा दरमहा देण्याचे आम्ही भावंडांनी ठरवले. पावतीपुस्तकात अन्नदान, वस्त्रदान, इमारत निधी आणि औषधे एवढीच सदरे छापलेली होती. व्यवस्थापकांनी थोडा विचार करून औषधांच्या खाली पेनाने “रात्रपाळी वेतन” असे लिहिले. पुढच्या छपाईत ते सदर घ्यावे असा अर्ज मी विश्वस्तांकडे दिला आहे. सांगली-साताऱ्यात ज्यांचे अशा आश्रमांकडे जाणे-येणे आहे, त्यांनीही आपापल्या ठिकाणी तो द्यावा अशी माझी विनंती आहे.