तुम्ही विचारलंत म्हणून: मग आता उरलंय काय?

"मॅडम, फायनाइट सिंपल ग्रुपचं क्लासिफिकेशन झालं ना? मग तुम्ही आता शोधता काय?" रिफ्रेशर कोर्सला भेटलेले प्राध्यापक विचारतात, मुलाखतीतले तज्ज्ञ विचारतात, हल्ली माझी एम.एस्सी.ची मुलंही विचारतात. जाता जाता दिलेलं उत्तर कुणालाच पटत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते.

ग्रुप म्हणजे एकापाठोपाठ एक करता येणाऱ्या सममितींचा संच. ज्यांचे आणखी लहान तुकडे पडत नाहीत ते सिंपल ग्रुप, आणि क्लासिफिकेशन म्हणजे त्यांतल्या फायनाइट, म्हणजे मर्यादित, ग्रुपांची संपूर्ण यादी. यादी पूर्ण आहे, मान्य. १९८३ मध्ये ती झाल्याचं जाहीर झालं तेव्हा त्यातल्या क्वासिथिन नावाच्या एका प्रकारच्या ग्रुपांची जागा मोकळीच होती. आशबाकर आणि स्मिथ या गणितज्ञांनी ती २००४ मध्ये हजाराहून जास्त पानं लिहून भरली. पण ती यादी घटकांची आहे. घटक एकमेकांत कसे गुंततात, हे ती सांगत नाही. माझे ग्रुप पी-ग्रुप, म्हणजे ज्यांची ऑर्डर (आतल्या सममितींची संख्या) पी या एखाद्या मूळ संख्येचा घात असते असे. त्यांत तुमच्या यादीतला एकच सदस्य पुन्हा पुन्हा येतो. एकाच रंगाचं, एकाच नंबरचं सूत दिलं म्हणून आमच्या सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या सगळ्या मागांवर एकच कापड निघतं का? ऑर्डर ८ चे ग्रुप ५, ६४ चे २६७, ५१२ चे १ कोटी ४ लाख ९४ हजार २१३. १०२४ चे ४,९४८ कोटींहून अधिक. २०४८ चे नेमके किती, हे आज कुणालाच माहीत नाही. आणि मला विचारता, उरलंय काय!

माझा प्रश्न गणितज्ञ बेरकोविच यांनी १९७३ मध्ये मांडलेला. प्रत्येक फायनाइट नॉन-अबेलियन (ज्यात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं अशा) पी-ग्रुपला ऑर्डर पी असलेला, इनर नसलेला ऑटोमॉर्फिझम असतो का? ऑटोमॉर्फिझम म्हणजे ग्रुपची रचना न मोडता केलेली आतली अदलाबदल; ती ग्रुपच्याच एखाद्या सदस्यामुळे घडली तर इनर, आणि जितक्या वेळा केल्यावर सगळं पहिल्यांदा मूळ जागी येतं ती तिची ऑर्डर. ऑर्डर पीचा कुठलाही घात चालणार असेल, तर उत्तर गाशुट्झ यांनी १९६६ मध्येच दिलंय. नेमका पी हवा म्हटलं की सगळं अडतं.

एका विशिष्ट वर्गाच्या ग्रुपांसाठी मी आणि माझ्या विद्यार्थ्याने तो सोडवला होता. सगळी सिद्धता हाताने केलेल्या कम्युटेटरच्या (दोन सदस्यांचा क्रम बदलल्यावर पडणाऱ्या फरकाच्या) हिशेबांची. पेपर जर्नलकडे गेला, पेपर तपासणाऱ्या रेफ्रींनी दोन लेमा (छोटे सहायक निकाल) सुटसुटीत करा म्हणून कळवलं, आम्ही केले. एप्रिल होता, मी परीक्षेच्या सुपरव्हिजनला. दोन पेपरांच्या मधल्या वेळेत त्याचा मेसेज आला, "मॅडम, हे बघितलंत का?" खाली दुसऱ्याच गणितज्ञांच्या प्रीप्रिंटची, म्हणजे छापण्याआधी खुल्या ठेवलेल्या पेपरची, लिंक. स्टाफरूममध्ये पंख्याखाली बसून मी ते फोनवरच वाचलं. त्यांच्या अटी आमच्यापेक्षा कमी होत्या, रीत पूर्ण वेगळी, कोहोमॉलॉजी नावाच्या अमूर्त तंत्राची. आमचा अख्खा निकाल त्यातून चार ओळींत निघत होता. चूक सापडावी म्हणून मी ते पुन्हा वाचलं. चूक नव्हती. फार सुंदर काम होतं ते, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. दुपारच्या पेपरला वर्गात उभी होते, पण कोण काय लिहितंय याकडे लक्षच नव्हतं. पुढे संपादकांचं पत्र आलं, की आता हा निकाल स्वतंत्रपणे छापता येणार नाही.

त्या पेपरवर त्याचा प्रबंध उभा होता. त्याने रजिस्ट्रेशन सोडलं. आता तो बार्शीला ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. जाताना म्हणाला, "आपण पुण्यात असतो तर?" मी ठामपणे सांगितलं, गणित गाव बघत नाही. तेव्हा मी ते मनापासून मानत होते. आज मानत नाही. सिद्धता गाव बघत नाही, पण कोण कशावर काम करतंय ही बातमी सेमिनारच्या चहावर कळते. सोलापुरात आम्ही दोघंच होतो. तरीही मी इथून गेले नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवायच्या, ते मला जमलेलं नाही.

तुमच्या प्रश्नाने लागतं ते इथे. आमचा निकाल गेला तो काही उरलं नव्हतं म्हणून नाही. उरलेलं इतकं आहे की त्याच जागी दुसरेही खणत होते.

पूर्वी मला खात्री होती की बेरकोविच यांच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे. आता प्रत्येक नवा निकाल सरळ स्वभावाचे ग्रुप बाजूला काढतो, आणि मागे राहतात ते जास्तच अवघड असतात. हल्ली रात्री मी गॅप या ग्रुपांचे हिशेब करणाऱ्या संगणक-प्रणालीवर उलट उदाहरण शोधते. ऑर्डर १०२४ च्या ग्रुपांची तयार यादी त्यात नाही, ग्रुप स्वतः घडवून तपासावे लागतात. माझा विद्यार्थी अजून रविवारी फोन करतो आणि भांडतो. त्याच्या मते असं उदाहरण मिळणारच नाही. मला पटेल असं कारण त्याने अजून दिलेलं नाही, आणि मीही त्याला उदाहरण दाखवू शकलेले नाही.