तुम्ही विचारलंत म्हणून : ड्यूक आजचा का वाटतो?

“रीजन्सी काळातली, म्हणजे १८११ ते १८२० च्या इंग्लंडातली, प्रेमकादंबरी म्हणून घेतली. गाऊन जुने, बग्ग्या जुन्या, माणसं मात्र आजची. शंभराव्या पानाशी कंटाळा आला. चूक भाषेची की इतिहासाची?” असं विचारणारे बरेच असतात, मालिका पाहून पुस्तकांकडे वळलेले तर हमखास.

भाषेला लगेच सोडून देऊ. नायिका अगदी तेव्हाचंच इंग्रजी बोलू लागली तर वाचक दहा पानांत दमेल. ‘ओके’ हा शब्द १८३९ पूर्वी छापील सापडत नाही. तो १८१५ च्या बॉलरूममध्ये ऐकू आला की घासात खडा लागतो, पण एका खड्यासाठी कुणी ताटावरून उठत नाही. खरी गोची अशी की लेखिकेने त्या काळाचे नियम ठेवलेले असतात आणि ते मोडण्याची किंमत तेवढी काढून टाकलेली असते. मग दोघांच्या मध्ये उरतं काय? गैरसमज. त्यावर चारशे पानं रेटणं जड जातं. इंग्रजी वाचक अशा पुस्तकांना ‘वॉलपेपर हिस्टॉरिकल’ म्हणतात, काळ नुसता भिंतीला चिकटवलेला.

लग्नाचंच घ्या. १७५३ च्या हार्डविक कायद्यानंतर इंग्लंडमध्ये ज्यू आणि क्वेकर पंथाचे लोक सोडून सगळ्यांची लग्नं चर्चमध्ये, सकाळी आठ ते बाराच्या आत. त्याआधी तीन रविवार दोघांच्या पॅरिशमध्ये, म्हणजे आपापल्या भागातल्या चर्चमध्ये, नावांचा पुकारा, नाहीतर बिशपचं लायसन्स. एकवीस वर्षांखालच्या मुलीचं लायसन्सवरचं लग्न बापाच्या संमतीशिवाय झालं, तर ते रद्दबातल. घरच्या दिवाणखान्यात, संध्याकाळी लग्न लावायचं तर कँटरबरीच्या आर्चबिशपचं खास लायसन्स लागे आणि त्यावर वधूवरांची नावं असत. तेव्हा कोटाच्या खिशात कोरं लायसन्स घेऊन हिंडणारा नायक दिसला की समजावं, ही कादंबरी दुसऱ्या कादंबऱ्या वाचून लिहिलेली आहे.

हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, म्हणून पळून जाणारे गाठत ते सीमेपलीकडचं स्कॉटिश गाव, ग्रेटना ग्रीन. लंडनहून ते सुमारे ३२० मैल. पोस्ट-शेज या भाड्याच्या घोडागाडीचे घोडे साधारण दर दहा-पंधरा मैलांवर बदलायचे. ताशी आठ मैलांचा वेग कुठेही न मोडता धरला तरी चाळीस तास. भाडं, टोलनाके, घोडे हाकणाऱ्या पोरांची बक्षिसी मिळून मोलकरणीच्या वर्षाच्या पगाराहून जास्त खर्च. कादंबरीतलं जोडपं मात्र रात्री बॉलमधून निघतं आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला लग्न लावून मोकळं होतं.

पळून जाणं किती महागात पडे याचा एक नमुना १७८२ सालचा आहे. लंडनचा बँकर रॉबर्ट चाइल्ड याची एकुलती एक मुलगी वेस्टमोरलंडच्या अर्लबरोबर ग्रेटना ग्रीनला पळाली. बापाने मृत्युपत्र असं बदललं की अर्लपदाच्या वारसाच्या हाती बँकेचा पैसा लागूच नये. तो पैसा गेला नातीकडे, सारा सोफियाकडे. हीच पुढची लेडी जर्सी. ऑलमॅक्स या लंडनच्या उच्चभ्रू सभागृहातल्या नाचांना कुणी यायचं आणि कुणी नाही हे ठरवणाऱ्या मोजक्या बायकांपैकी एक, आणि १८०६ पासून १८६७ मध्ये वारेपर्यंत चाइल्ड बँकेची सीनियर पार्टनर! एरवी लग्न झालं की बायकोची जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. स्वतःच्या पैशावर उभी राहिलेली बाई हवीच असेल तर ती त्या काळात होती, फक्त ती आजोबांच्या संतापातून आणि काटेकोर मृत्युपत्रातून घडली होती. आजच्या कादंबरीत तेच काम “मी कुणाचं ऐकणार नाही” या एका वाक्यावर भागवतात. आजोबा वाया, मृत्युपत्र वाया, आणि सगळ्यात रंगतदार प्रकरणही वाया.

साखरपुडा मोडण्याचंही तसंच. विसाव्या प्रकरणात नायक आधीच्या वाग्दत्त वधूला नकार देतो, ती हसून “सुखी राहा” म्हणते. प्रत्यक्षात मन बदलण्याची मुभा बाईला होती. पुरुषाने शब्द मोडला तर त्याची बेअब्रू होई, शिवाय ती बाई वचनभंगाचा दावा लावून भरपाई मागू शके. इंग्लंडमध्ये ही तरतूद १९७० मध्ये कायद्याने काढून टाकेपर्यंत होती. म्हणजे नायकाला सुटायचं असेल तर तिनेच त्याला सोडावं अशी वेळ आणावी लागेल. एवढ्यात अख्खी विनोदी उपकथा बसते, पण लेखिका ती अर्ध्या पानात उरकते.

“आमच्यात काही घडलंच नाही, म्हणून लग्न रद्द” हा दुसरा लाडका पेच. नुसतं न घडणं हे कारण चालत नसे. नवरा कायमचा असमर्थ आहे हे चर्चच्या न्यायालयात सिद्ध करावं लागे. कुठला ड्यूक त्याला तयार होईल ते बघा. आणि पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट १८५७ च्या कायद्यापर्यंत पार्लमेंटच्या खास कायद्यानेच मिळे. तो मिळवू शकलेल्या बायका एकूण चार.

पदव्यांचं थोडक्यात. रागावलेला ड्यूक थोरल्याला डावलून धाकट्याला पदवी देऊ शकत नाही. दत्तक मुलगा वारस होत नाही. इंग्लंडमध्ये दत्तकाचा कायदाच १९२६ चा. कपड्यांत मात्र जरा रेंगाळायला हवं, कारण दासीने पाठीत गुडघा रोवून कॉर्सेटची, म्हणजे आतून कंबर आवळणाऱ्या वस्त्राची, नाडी आवळायचा प्रसंग जवळपास प्रत्येक पुस्तकात येतो. रीजन्सीतल्या गाऊनची कंबर छातीच्या लगेच खाली, मग पोट आवळून दाखवायचं कुणाला? नाडी ओवायची भोकंही सुताने हाताने विणलेली, आपल्या शिंप्याच्या काजांसारखी. जोर लावला की ती फाटत. धातूच्या कड्या आल्या १८२८ च्या सुमारास आणि पुढून उघडणारी पोलादी पट्टी १८२९ मध्ये. आवळाआवळीचा जमाना त्यानंतरचा. त्यामुळे नायक अधीर हातांनी पुढचे हूक काढू लागला की समजावं, तो किमान दहा-पंधरा वर्षं लवकर आला आहे.

नावांनी हाक मारण्याचा मुद्दा मराठी वाचकाला सांगावाच लागत नाही. ज्यांनी उखाण्याशिवाय नवऱ्याचं नाव न घेणारी आजी पाहिली आहे, त्यांना नावात किती वीज असते ते ठाऊक असतं. तिथेही तसंच होतं. ड्यूकला बाहेरचे ‘युअर ग्रेस’ म्हणत, मित्र पदवीच्या नावाने हाक मारत, कित्येकदा घरचेसुद्धा. बायको चारचौघांत नवऱ्याला ‘मिस्टर अमुक’ म्हणे. अशा जगात तिने पहिल्यांदा त्याचं पाळण्यातलं नाव उच्चारावं, हा तीनशेव्या पानावरचा प्रसंग. ओळख झाल्याबरोबर “मला सायमन म्हण” असं तो म्हणाला की पुढे चुंबनालाही धार राहत नाही.

हिंदुस्थानातून पैसा करून परतलेला नायक आला की आपले कान टवकारतात. असईची लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची, आताच्या जालना जिल्ह्यातली. तिथे लढलेल्या नायकाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत हुद्दा विकत घेतल्याचं लिहिलं असेल तर पुस्तक बाजूला ठेवायला हरकत नाही. हुद्दे विकत मिळत ते राजाच्या पलटणींत. कंपनीकडे डायरेक्टरची शिफारस लागे आणि बढती ज्येष्ठतेने मिळे. मुंबईचं पत्रही पंधरवड्यात लंडनला पोचत नसे. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या केपला वळसा घालून जहाजाला पाच-सहा महिने लागत, म्हणजे “तू माझी वाट पाहशील का?” याचं उत्तर वर्षाने.

पुस्तक विकत घ्यायच्या आधी चाळून पारखायचं असेल तर पत्राचाच प्रसंग शोधावा. १८४० मध्ये पेनी पोस्ट, म्हणजे एका पेनीत पत्र नेणारी टपालसेवा, येईपर्यंत टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा देई, तेही अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर. पाकीट म्हणजे दुसरा कागद, म्हणजे दुप्पट दर. म्हणून तोच कागद घडी घालून लाखेने चिकटवत, आणि जागा संपली की कागद आडवा धरून त्याच मजकुरावरून लिहीत. स्वतःचे पैसे हाती नसलेल्या अविवाहित मुलीला पत्र आलं की पैसे वडील नाहीतर भाऊ देणार, आणि पत्र कोणाचं ते सगळ्या घराला कळणार. साखरपुडा झालेला नसताना परक्या पुरुषाचं पत्र येणं हीच मुळात बातमी. आता नायिकेच्या उशीखाली त्याची बारा पत्रं निघाली, तर आधीच्या पानांवर जाऊन बघा : ती पत्रं घरात आली कशी, आणि पैसे कोणी दिले?